पोराला नाव कोणी ठेवले?

तुम्ही वर्गात यायला लागलात तेव्हा पहिला शब्द कोणता लिहिलात? आठवून बघा. बहुतेकांनी स्वतःचे नाव लिहिले असेल. आम्ही वर्ग चालवतो, पण आधी 'कमळ' लिहून मग स्वतःचे नाव लिहिले, असा माणूस आम्हाला क्वचितच भेटला. आधी नाव. अंगठ्याची शाई पुसायची आणि तिथे आपल्या हाताने आपले नाव लिहायचे. त्याचे समाधान काय असते, ते तुम्हाला सांगायला नको.

नावाला एवढी किंमत आहे. म्हणून तर बाराव्या दिवशी आपण पाळणा बांधतो. आत्या बाळाच्या कानात 'कुर्र' करते आणि नाव सांगते. घुगऱ्या वाटतात. गरिबाच्या घरीसुद्धा त्या दिवशी चार माणसे जमतात.

आता आपल्या भाषेतली गंमत बघा. 'नाव ठेवणे' म्हणजे बारसे करणे. आणि 'नावे ठेवणे' म्हणजे हिणवणे, खोड काढणे. शब्द जवळजवळ तोच. एक होते पाळण्यापाशी. दुसरे होते शाळेच्या वाटेवर. आजचा धडा त्या दुसऱ्याचा आहे.

एका घरातली गोष्ट सांगतो. घर आमच्या ओळखीचे आहे. पोराचे नाव मात्र सांगणार नाही. त्याला आधीच पुष्कळ नावे मिळाली आहेत. आपण त्याला नुसते 'पोरगा' म्हणू.

पोरगा चौथीत होता. डोक्याने चांगला. पाढे तोंडपाठ. पण बोलताना अडखळायचा. 'पाणी' म्हणायचे तर 'प-प-पाणी' व्हायचे. घरच्यांना त्याची सवय झाली होती. आईने लहानपणी त्याच्या जिभेला वेखंड घासून पाहिले होते. काही फरक पडला नाही, मग सोडून दिले.

दिवाळीची सुट्टी संपली. शाळा उघडली. आणि पोराच्या पोटात दुखायला लागले. रोज सकाळी. दप्तर पाठीला लावले की कळ यायची. आईने ओवा दिला. बेंबीला हिंग लावला. आजीने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. बापाने तालुक्याला नेऊन डॉक्टरला दाखवले. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, पोटात तर काही दिसत नाही.

एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नाही. रविवारी पोट दुखत नव्हते.

पुढे पुढे जेवणाचा डबा भरलेलाच परत येऊ लागला. मग एक दिवस शेजारच्या मळ्यातला गडी सांगत आला, "तुमचं पोरगं दिसभर पाटाच्या कडंला बसलेलं असतं. शाळा बंद हाय काय?" झाले. बापाचे डोके फिरले. संध्याकाळी त्याने पोराला चांगले झोडपले. "शाळा चुकवतोस? सांग, का चुकवतोस?" पोराने मार खाल्ला, पण तोंड उघडले नाही. बापाला वाटले, पोरगा निगरगट्ट झाला.

इथे जरा थांबू या. बापाला दोष देणे सोपे आहे. पण आपल्यापैकी किती जणांनी काही वेगळे केले असते? शाळा बुडवली तर मारायचे, हेच आपण आपल्या बापाकडून शिकलो.

पोर सांगत का नाही? आपल्याला वाटते, मुकाट आहे म्हणजे लबाड आहे. तसे नसते. जे नाव ऐकून त्याचा जीव जळतो, तेच नाव त्याला स्वतःच्या तोंडाने उच्चारावे लागणार. ते जड जाते. शिवाय भीती असते. आई रडेल, बाप भांडायला जाईल, आणि उद्या शाळेत आणखी हसतील. आणि सगळ्यांत मोठी भीती कोणती? सांगितल्यावर घरचेसुद्धा हसले तर? म्हणून पोर आत जाऊन बसते आणि दार लावून घेते.

दार लावून घेण्याची एक जुनी गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. ज्ञानेश्वर, निवृत्ती, सोपान आणि मुक्ता ही चार भावंडे. वडिलांनी संन्यास घेतला होता, आणि मग ते परत संसारात आले. म्हणून लोक या लेकरांना 'संन्याशाची पोरे' म्हणून हिणवत. त्यांचा दोष काही नव्हता. तरी वाटेने जाताना ते नाव कानावर पडायचेच. परंपरा सांगते की एके दिवशी कोणाचा तरी बोल ज्ञानेश्वरांच्या फार जिव्हारी लागला. ते घरी आले, झोपडीची ताटी लावली आणि आत बसून राहिले. ताटी म्हणजे कामट्यांचे दार. एका लाथेने मोडले असते. पण मुक्ताबाईंनी ते मोडले नाही. त्या सगळ्यांत धाकट्या. दाराबाहेर बसल्या आणि आतल्या भावाशी बोलत राहिल्या. त्या बोलण्यालाच वारकरी मंडळी ताटीचे अभंग म्हणतात. ज्या माणसाने पुढे १२९० साली ज्ञानेश्वरी पुरी केली, असे आपण मानतो, त्यालासुद्धा लोकांचे बोल लागले होते. मग नऊ वर्षांच्या पोराने 'लक्ष देऊ नये', असे आपण कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आपल्या पोराचीही ताटी लागली होती. बापाने ती लाथेने उघडायला पाहिली. उघडली नाही.

उघडली ती आजीने. घरात भुईमुगाच्या शेंगा फोडायचे काम चालले होते. रात्री जेवणे झाल्यावर आजी सूप घेऊन बसली. पोराला म्हणाली, "ये, जरा हातभार लाव." पोरगा येऊन बसला. आजीने काही विचारले नाही. बराच वेळ दोघेही नुसत्या शेंगा फोडत होते.

मग आजी सांगू लागली. "मी शाळेत गेले दोन वरीस. ठाऊक हाय का तुला? मला तिथं पोरी काय म्हणायच्या? चाळणी."

पोराने वर पाहिले. आजीच्या तोंडावर देवीचे वण होते. तो मांडीवर खेळायचा तेव्हापासून त्या वणांवरून बोट फिरवत आला होता. त्याला ते कधी वाईट वाटले नव्हते.

(देवीचा रोग आता राहिला नाही. आपल्या देशात तो १९७५ साली शेवटचा दिसला. पण आजीच्या वयाच्या बायाबापड्यांच्या तोंडावर त्याच्या खुणा अजून आहेत. रोग गेला, नाव मात्र आजीला साठी उलटल्यावरही आठवत होते.)

"मग तू क-क-काय केलंस?" पोराने विचारले.

"काय करनार? शाळा सोडली. आईला म्हनलं, मी शेरडं राखते. आईलाबी बरंच वाटलं. आता अंगठा देते बँकेत. तवा त्या पोरी आठवत्यात बघ."

पुन्हा थोडा वेळ गेला. आणि मग पोरगा बोलला. अडखळत, थांबत बोलला. आजीने त्याचा एकही शब्द पुरा केला नाही. तो शोधत होता तो शब्द तिला कळला होता, तरी ती थांबली.

"मला फ-फ-फटफटी म्हणतात."

सकाळी गुरुजी हजेरी घेतात. 'हजर' म्हणायचे असते. 'ह' अडकतो. पोरगा 'ह-ह-ह' करू लागला की मागच्या बाकावरची पोरे पायाने किक मारल्यासारखे करतात. एक जण हॅन्डल धरतो. सगळा वर्ग हसतो. मधल्या सुट्टीत तेच. घरी येताना वाटेवर तेच. मैदानात खेळायला घेत नाहीत, म्हणतात, "तुझं पेट्रोल संपलंय."

आता सांगा, वाचताना तुम्हाला हसू आले का? आम्हाला आले होते, पहिल्यांदा ऐकले तेव्हा. पोरे मोठी कल्पक असतात. पण हे रोज सकाळी आपल्या वाट्याला आले तर पोट दुखेल की नाही?

आजीने त्याला जवळ घेतले. "व्हय रं बाबा," एवढेच म्हणाली. आम्हाला वाटते, त्या रात्रीचे सगळ्यांत शहाणपणाचे बोलणे तेच.

कारण अशा वेळी आपण मोठी माणसे तीनच गोष्टी बोलतो. पहिली, 'लक्ष देऊ नकोस.' बोलायला सोपी. पण चाळीस पोरे हसत असताना लक्ष कुठे ठेवायचे, ते आपण सांगत नाही. पोराला यातून एवढेच कळते की घरच्यांनीही लक्ष दिले नाही. दुसरी, 'तूही दे एक ठेवून.' बाप लोकांना ही फार आवडते. पण जो एकटा आहे तो पाच जणांना काय मारणार? आणि मारलेच, तर गुरुजींना दिसते ते त्याचे मारणे. आधीचे महिनाभराचे चिडवणे दिसत नाही. शिक्षा त्यालाच होते. तिसरी सगळ्यांत वाईट. 'तूच काहीतरी केलं असशील.' हे ऐकल्यावर ताटी पुन्हा लागते, आणि या वेळी आतून आडणा बसतो.

आजीने तिन्ही टाळल्या. ती शाळा शिकलेली नाही. पण तिला चाळणी म्हटले होते, म्हणून तिला कळले.

तेवढ्यात बाप आतून उठून आला. त्याने सगळे ऐकले होते. तो म्हणाला, "कुनाचं पोरगं ते? आत्ताच्या आत्ता जातो आन् तंगडंच मोडतो."

"बस खाली," आजी म्हणाली. मग पोराकडे वळून तिने विचारले, "बाळा, हे नाव पैल्यांदा कुनी घेतलं?"

पोरगा गप्प. मग त्याने ओसरीकडे पाहिले. ओसरीवर चुलता झोपला होता.

तेव्हा सगळ्यांना आठवले. दिवाळीत सगळे घर फराळाला बसले होते. पोराला चकली पाहिजे होती. 'च-च-च' असे चालले होते. चुलता गमतीने म्हणाला, "अरे किक मार, किक! फटफटी सुरू होईना बघा!" सगळे पोट धरून हसले. बाप हसला. आई पदर तोंडाला लावून हसली. आजीसुद्धा हसली. चुलत्याचा पोरगा पाचवीत, त्याच शाळेत. सुट्टी संपली तेव्हा त्याने घरातली ही गंमत शाळेत नेली, जशी पोरे करंज्या-चकल्या नेतात तशी.

बाप ज्याचे तंगडे मोडायला निघाला होता, तो ओसरीवर घोरत होता. त्या रात्री पुढे कोणी काही बोलले नाही.

नावे शाळेत तयार होतात, असे आपल्याला वाटते. काही होतात. पण पुष्कळशी नावे घरातून जातात. ओट्यावर बसून आपण लोकांना काय काय म्हणतो, ते आठवा. लंगड्या, काण्या, ढोल्या, काळी, टकल्या, दारुड्याची, पांढऱ्या पायाची. पोरे शेजारी गोट्या खेळत असतात. त्यांचे लक्ष गोट्यांकडे आहे, असे आपण समजतो.

आम्हीही यातून सुटलो नाही. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. आमच्या एका वर्गात पहिल्या दिवशी हजेरी घेताना आम्ही एका बाईंचे नाव पुकारले. नाव होते नकुशी. दोघी जणी खुदकन हसल्या. आणि आम्हीही ओठातल्या ओठात हसलो. बाई 'हजर' म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. आम्ही घरी गेलो तर म्हणाल्या, "कामं हायती." आम्हाला समजायचे ते समजले. त्यांचे अक्षर आम्ही कधी पाहिले नाही.

नकुशी म्हणजे नको असलेली. मुलीवर मुली झाल्या की कुठे कुठे शेवटच्या मुलीला हे नाव ठेवीत. त्यात समजूत अशी की नाव नकुशी ठेवले म्हणजे पुढचा मुलगा होतो. मुलगा होतो की नाही, ते सोडा. पण ती मुलगी शाळेत गेली की काय होत असेल? तिला चिडवायला कोणाला नवे नाव शोधावे लागत नाही. आईबापांनी पाळण्यातच देऊन ठेवलेले असते. सातारा जिल्ह्यात आरोग्य खात्याने अशा मुली शोधून काढल्या. ऑक्टोबर २०११ मध्ये एक समारंभ झाला आणि २८५ मुलींना नवी नावे मिळाली. दाखल्यावर, रजिस्टरात, सगळीकडे नवे नाव. म्हणजे नाव बदलता येते, बरं का. पाळण्यात ठेवलेले बदलता येते, तर ओसरीवर ठेवलेले का बदलणार नाही?

आणखी एक जात आहे नावांची, आणि ती खरोखरच जातीची आहे. पोरगा चांगला खेळला की त्याचे नाव घ्यायचे, आणि भांडण झाले की त्याची जात काढायची. वस्तीचे नाव काढायचे. बापाचा धंदा काढायचा. ही गंमत नव्हे. याचे लागणे फार खोल असते, कारण ते एका पोराला लागत नाही, त्याच्या आईबापांना, आज्यापणज्यांना, सगळ्यांना एकदम लागते. बाबासाहेब आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. त्यांना वर्गात वेगळे बसावे लागे. बसायला गोणपाट घरून न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे. तहान लागली तर शिपायाने नळ उघडून द्यायचा, तो नसला तर तहानलेले राहायचे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांच्या शाळाप्रवेशाचा तो दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

कायदा काय म्हणतो, तेही माहीत असू द्या. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला चारचौघांत जातीवरून शिवी देणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याने गुन्हा आहे. वस्त्यांच्या नावांतली जातसुद्धा काढायची, असे महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये ठरवले. जुन्या जातवाचक नावांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर अशी नावे द्यायची. पाटी बदलली तरी तोंड बदलले का, ते तुमच्या गावात तुम्हीच बघा.

आता आपल्या पोराकडे परत येऊ.

सकाळी बाप रानात गेला. आई आणि आजी पोराला घेऊन शाळेत गेल्या. शाळा सुटायच्या वेळी गेल्या, पोरांच्या देखत नाही. हे त्यांनी चांगले केले. भर वर्गात जाऊन आरडाओरडा केला असता, तर पोराला आणखी एक नाव पडले असते.

गुरुजींनी ऐकून घेतले. पहिल्यांदा म्हणाले, "अहो, पोरं आहेत. चालायचंच." मग आई म्हणाली, आणि तिने हे मोठे धीराने म्हटले, "गुरुजी, रागावू नका. तुम्हीबी एकदा म्हनला व्हता. 'आज फटफटी लवकर सुरू झाली' म्हनून. त्यानं सांगितलं मला."

गुरुजी गप्प झाले. ते वाईट माणूस नव्हते. हजेरी लांबत होती, वर्ग हसत होता, तेही एक वाक्य बोलून गेले. पण गुरुजी बोलले की नावाला शिक्का बसतो. मग ते नाव शाळेचे होते.

पुढच्या आठवड्यात गुरुजींनी काही गोष्टी केल्या. हजेरीला तोंडाने 'हजर' म्हणायचे बंद केले. सगळ्यांनी हात वर करायचा. एकट्या पोरासाठी वेगळा नियम केला नाही, सगळ्यांसाठी केला. धडा वाचताना दोघादोघांनी मिळून वाचायचे ठरवले. हे कोणी त्यांना सांगितले, ते आम्हाला माहीत नाही, पण युक्ती खरी आहे. अडखळणारी माणसे गाताना किंवा दुसऱ्याच्या बरोबरीने वाचताना सहसा अडखळत नाहीत. पोराने शेजारच्या मुलाबरोबर आख्खे पान वाचले. मागच्या बाकाला किक मारायला जागाच मिळाली नाही.

अडखळण्याविषयी थोडे इथेच सांगून टाकतो. हे बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होते. मुलांमध्ये जास्त, मुलींमध्ये कमी. पुष्कळ लेकरांचे आपोआप जाते, काहींचे राहते. त्याचा बुद्धीशी काही संबंध नाही. जीभ जड असते असेही नाही, म्हणून वेखंडाने ते जात नाही. 'हळू बोल', 'नीट बोल' असे सांगून तर वाढतेच. त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत आपण थांबावे, त्याच्या तोंडाकडे नव्हे, डोळ्यांकडे बघावे. बोलणे सुधारायला शिकवणारे जाणकार जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात किंवा शहरात भेटतात. त्यांच्याकडे जरूर न्यावे. लवकर नेले तर बरे.

सगळेच गुरुजी असे ऐकून घेतात असे नाही. मग काय करावे? मुख्याध्यापकांकडे जावे. तिथेही दाद लागली नाही तर शाळा व्यवस्थापन समिती आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांना ती ठेवावीच लागते. तिच्यात चारांतले तीन सभासद पालक असतात आणि निम्म्या बाया असतात. म्हणजे ती तुमचीच समिती आहे. पुष्कळ गावांत तिची बैठक नुसती वहीत होते. आता तुम्हाला वाचता येते, तर ती वही मागून वाचा. त्याच कायद्याच्या १७ व्या कलमात म्हटले आहे की शाळेत मुलाला मारायचे नाही आणि त्याच्या मनाला छळायचेही नाही. आणि कुठेच कोणी ऐकत नसेल, पोर फार घाबरले असेल, तर १०९८ हा नंबर लक्षात ठेवा. हा मुलांच्या मदतीचा फोन आहे. पैसे पडत नाहीत. पोर स्वतःही करू शकते.

हल्ली फोनचे दुसरेही एक दुखणे आहे. पूर्वी शाळा सुटली की नाव शाळेत राहायचे. आता मोठी पोरे मोबाईलवर गट करतात, तिथे फोटो टाकतात, नाव टाकतात. पोर रात्री अंथरुणात असते आणि नाव उशाला असते. असे काही दिसले तर ते पुसून टाकू नका. आधी गुरुजींना दाखवा, मग पुसा.

पोराला आजीने काय शिकवले, ते सांगायचे राहिले. तिने दोन गोष्टी सांगितल्या. एक, त्यांनी म्हटले की पळायचे नाही आणि मारायचेही नाही. त्यांच्याकडे बघून 'माझं नाव ते नाही' एवढे म्हणायचे आणि जिथे जास्त पोरे असतील तिथे चालत जायचे. पोरगा म्हणाला, एवढे म्हणताना मी अडखळेन. आजी म्हणाली, "अडखळ. वाक्य पुरं कर म्हंजे झालं." रोज रात्री शेंगा फोडताना दोघांनी ते घोकले. दुसरी गोष्ट, वर्गातल्या एका तरी पोराशी जोडी करायची. पाच नकोत, एक पुरे. शेजारी बसणारा तो मुलगा मग वाटेवर त्याच्याबरोबर चालू लागला. आमच्या मते कामाला आला तो जास्त हा मुलगा. एकट्याला हसणे सोपे असते, दोघांना हसायला जरा विचार करावा लागतो.

आणि चुलतभाऊ? ज्याने घरातले नाव शाळेत नेले तो? ज्या घरातले पोर चिडवते त्या घराचे काम जास्त अवघड असते, आणि ते कोणाला करावेसे वाटत नाही. आपले पोर दुसऱ्याला चिडवते, असे कोणी सांगत आले की आपण आधी सांगणाऱ्यावर उखडतो. मग घरी येऊन पोराला बडवतो. दोन्हींचा उपयोग नाही. मार खाल्लेले पोर दुसऱ्या दिवशी जास्त जोराने चिडवते, फक्त गुरुजी नसताना.

इथे चुलता पुढे आला. त्याला रात्रीचे सगळे कळले होते. तो दोन दिवस घुमाच होता. मग त्याने आपल्या पोराला बैलगाडीत घेतले आणि रानात जाताना सांगितले, "ते नाव मी काढलं. तू न्हाई. चूक माझी हाय. आता मीबी म्हननार न्हाई, तूबी म्हनायचं न्हाई. आन् दुसरं कुनी म्हनलं तर तू त्याच्या बाजूला जाऊन हुबा ऱ्हायचंस." चुलतभाऊ अकरा वर्षांचा होता. बाप आपल्यापाशी चूक कबूल करतो, हे त्याने पहिल्यांदाच पाहिले. तो गप्प बसला. पण त्या दिवसापासून शाळेत त्याने ते नाव घेतले नाही.

सगळे लगेच थांबले, असे नाही. मागच्या बाकावरचे दोघे उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत अधूनमधून किक मारत होते. पोराचे पोट एकदोनदा पुन्हा दुखले. तेव्हा आईने ओवा दिला नाही. "आज काय झालं शाळेत?" असे विचारले.

पोरगा आता सहावीत आहे. अजून अडखळतो. गावातली मुले त्याच्या नावाने हाक मारतात, पाळण्यात ठेवलेल्या. चुलत्याच्या तोंडून मात्र अजून कधी कधी सकाळच्या घाईत "अरे फ..." एवढे निघून जाते. मग आजी चुलीपाशी बसल्या बसल्या त्याच्याकडे बघते, आणि चुलता उरलेला शब्द चहाबरोबर गिळतो.